परक्या शिवेतला नवस

पूर्णगडच्या खाडीला भरती लागली की आधी होड्यांचे दोर बोलतात. ओहोटीला ढिले पडलेले दोर ताणत जातात, कुरकुरतात, आणि होड्या सावकाश तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागतात. मुचकुंदी वरून येते, समुद्र खालून येतो. थोडा वेळ कोणीच कोणाला वाट देत नाही. मग समुद्र जिंकतो आणि नदी उलटी, डोंगराच्या दिशेने वाहू लागते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. नदी कधी वर चढते काय? आमची चढते, रोज चढते. मात्र कुठवर चढायचं हेही तिला ठाऊक असतं.

ह्या खाडीच्या काठाला, गडाच्या खालच्या पाखाडीत, गुणाजी खारव्याचं घर आहे. आमच्या गावाला बाहेरची माणसं लहान समजतात. समजोत. ह्या लहान गावातून माणसं निघाली, पृथ्वीला वळसा घालून आली, आणि काही घडलंच नाही अशी पाटावर बसून भात-आमटी जेवली. गुणाजी त्यांतलाच एक. त्याने नाव घेण्यासारखं मोठं काही केलं नाही. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला, एका धबधब्यापुढे उभा राहून त्याने एक नवस केला, आणि त्या नवसाने त्याला आजतागायत सोडलेलं नाही.

लहानपणी तो बापाच्या होडीवर होता. पुढे मोहल्ल्यातल्या अस्लमने त्याला मोठ्या बोटीवर चढवलं. अस्लम बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. गुणाजी त्याच्या हाताखालचा खलाशी. दोघांनी मिळून इतकी बंदरं बघितली की कुठलं बंदर कुठल्या देशात हे त्यांना आठवत नाही. तिथली मासळी कशी होती तेवढं मात्र आठवतं.

गुणाजीची एक गोष्ट सगळ्या बोटींवर माहीत होती. तो गाऱ्हाणं घालायचा. आमच्याकडे कुठलंही काम काढताना आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. त्याची रीत ठरलेली आहे. पहिल्यांदा शिवेचं नाव घ्यायचं, मग त्या शिवेच्या राखणदाराला हाक मारायची, मग आपण कोण, कुठले, कशासाठी आलो ते सांगायचं. मग मागायचं. आणि मागितलं की लगेच, श्वास न तोडता, बोली करायची: एवढं केलंस तर आम्ही अमुक करू. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. गुणाजीच्या घराण्यात हा मान पिढ्यान् पिढ्या. त्याची जीभ त्या शब्दांवर अशी चालायची, जसा वल्ह्याला लागलेला हात चालतो. बोट बंदरातून सुटताना तो पुढच्या टोकाला जाऊन नारळ फोडायचा आणि अस्लम, पाच वेळचा नमाजी, मागे उभा राहून म्हणायचा, "होय महाराजा. आटप मेल्या लवकर, दोर सोडायचाय."

अस्लम निवृत्त होऊन घरी आला. गुणाजी आणखी एक फेरी म्हणून गेला, आणि त्याच फेरीत फसला.

बोट इक्वेडोर देशात, ग्वायाकिलला लागली होती. तिथेच मालकाने हात वर केले. बंदराचं देणं कोणी भरेना, तेव्हा कोर्टाने बोट अडकवली. खलाशांचे कागद एजंटकडे. पगार नाही, सुटका नाही. जेवायला भात आणि केळी. बोटीच्या बुडाला शेवाळ धरलं, माणसांच्या मनालाही धरलं. अशा वेळी घरून ऋतिकाचा फोन आला. ऋतिका त्याची एकुलती एक मुलगी, तेव्हा रत्नागिरीत कॉलेजला होती.

"बाबा, आईचे डोळे पिवळे झालेत. लावणीला गेली होती, त्यातनं लेप्टोचा ताप आला म्हणतात. लघवी बंद झाल्येय तिची. डायलिसिसच्या मशीनवर ठेवलीय."

"तिला दे फोन."

"ती बोलत नाय बाबा."

गुणाजीची बायको गुणवंती. लग्नाच्या पत्रिकेत गुणाजी आणि गुणवंती अशी नावं वाचून लोक हसले होते, एवढे गुण एका घरात मावायचे कसे म्हणून. तिचं वय काही जायचं नव्हतं. गुणाजी कप्तानाकडे गेला, म्हणाला, मला सोडा. कप्तान स्वतःच दाढी वाढवून बसला होता. तो म्हणाला, "मला कोण सोडतंय ते सांग, त्याच्याकडे तुलाही पाठवतो." एजंटच्या कचेरीत जाऊन गुणाजी दारात बसून राहिला. संध्याकाळी शिपायाने दार लावून घेतलं. समोर पाणी, त्या पाण्यातूनच घरी जायची वाट, पण पाय ठेवायला जागा नाही.

बोटीवर पहाऱ्याला एक माणूस होता, सेगुंदो नावाचा. तिथल्या डोंगरातला, बुटका, गालफडं वर आलेला, फार न बोलणारा. दोघांच्या मिळून थोडीशी इंग्रजी, बाकी हातांनी. त्याने गुणाजीला मागच्या टोकाला बसून रडताना बघितलं. फोनमधला गुणवंतीचा फोटो बघितला. मग वर, ढगांकडे बोट दाखवून त्याने समजावलं, माझ्या आईकडे चल. आमच्या गावाच्या वर पाणी आहे. आमची माणसं मागायला तिथे जातात.

पहाट फुटताच ते बसने निघाले. आधी केळीच्या बागा, अगदी आपल्यासारखं ऊन, आपल्यासारखा घाम. मग रस्ता चढायला लागला, तो चढतच राहिला. ढग खाली गेले. गुणाजीचे कान बंद झाले. समुद्राच्या माणसाला डोंगराची उंची कानात कळते, पाणबुड्याला खोली कळते तशी. दम लागायला लागला. बसमधल्या बायका डोक्याला हॅट आणि अंगाला लाल शाली लपेटून बसल्या होत्या, त्यांनी त्याला घोटभर गरम काहीतरी प्यायला दिलं. डोंगर उघडे, गवताचे, आणि त्यांच्यावर मक्याची नि बटाट्याची शेतं ठिगळांसारखी लावलेली.

सेगुंदोची आई म्हातारी, सुरकुतलेली, पायात रबरी बूट. तिने गुणाजीचा हात हातात घेतला, नाडी बघावी तसा धरून ठेवला, आणि काही न विचारता पुढे चालायला लागली. निलगिरीच्या झाडांमधून पायवाट होती. एका वळणावर तिने हात आडवा करून दोघांना थांबवलं. पदरातून, म्हणजे शालीच्या टोकातून, मक्याचे दाणे काढले, दगडावर ठेवले. दोन फुलं ठेवली. बाटलीतली दारू जमिनीवर शिंपडली. आणि ओठातल्या ओठात बोलायला लागली.

 गुणाजीला भाषा कळत नव्हती, पण हे काय चाललंय ते त्याला पुरतं कळलं. हे गाऱ्हाणं होतं. आधी वाटेचा राखणदार, मग पुढचा. आपल्याकडे तांदूळ, इथे मका. त्याने बूट काढून हातात घेतले.

धबधबा दिसण्याआधी छातीत वाजायला लागला. मग झाडी सरली आणि समोर काळा कडा, आणि कड्यावरून पांढरं पाणी. इतक्या उंचावरून पडत होतं की वाटेतच अर्ध्याचा धूर होत होता आणि तो धूर परत वर चढत होता. आपल्याकडे पावसाळ्यात कातळाचे सडे असे वाहतात खरे, पण पाऊस सरला की कोरडे पडतात. हे पाणी कधी थांबलं नव्हतं, थांबणार नव्हतं. म्हातारीने त्याला त्या थंडगार पाण्यात उभं केलं, भोपळ्याच्या कवटीने डोक्यावर पाणी ओतलं, पाल्याच्या जुडीने खांद्यापासून पायापर्यंत झाडून काढलं. गुणाजीचे दात वाजत होते. मग ती बाजूला झाली आणि हातानेच म्हणाली, आता तू बोल.

आणि गुणाजी बोलला. मराठीत बोलला, दुसरं काय बोलणार?

"बा महाराजा, ह्या शिवेचा तू राखणदार. तुझां नाव मला ठाऊक नाय, चुकलां माकलां सांभाळून घे. मी पूर्णगडचा गुणाजी, समुद्राकडचा माणूस, तुझ्या पायाशी आलोय. माझी बायको तिकडे मरणाच्या दारात पडलीय. मला जाता येत नाय. तू पाण्याचा देव, तिचां पाणी बंद पडलांय, तां मोकळां कर."

इथवर तो रडत, जपून, विचार करून बोलला. पण ह्याच्या पुढची जागा बोलीची. तिथे त्याला विचार करावा लागला नाही. जिभेने आयुष्यभर गावदेवीपुढे जे म्हटलं होतं, तेच तिने म्हटलं:

"एवढां केलंस महाराजा, तर आम्ही नवराबायको जोडीनं तुझ्या पायाशी येऊ, नारळ ठेवू नि तुझी ओटी भरू."

शब्द सुटले आणि त्याने तोंड मिटलं. आपण काय बोललो ते त्याला उमगलं. गावात देऊळ वाडीच्या टोकाला असतं, तिथे जोडीने येईन म्हणायला काय लागतं? इथे तो स्वतः कसा पोचला होता हेच एक आश्चर्य. पण गाऱ्हाण्यात पुढे बोलायला शब्द आहेत, मागे घ्यायला नाहीत. पाणी पडत राहिलं. त्याने ऐकलं होतं.

परतीच्या बसमध्ये, उतरून केळीच्या बागांपर्यंत आल्यावर फोनला रेंज आली. ऋतिकाचा निरोप होता: आईला लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, वाचली. गुणाजीने सेगुंदोला मिठी मारली. बसमधल्या एका बाईने काही न कळताच त्याच्या हातावर पाव ठेवला. तोही त्याने रडत रडत खाल्ला.

पुढे बोट विकली गेली, कागद मिळाले, गुणाजी घरी आला तो पुन्हा गेला नाही. गुणवंती पायरीवर बसली होती, वाळलेली, पण जिवंत. नवसाचं त्याने तिला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती बांगडे साफ करत होती. तिने आधी सगळं ऐकून घेतलं, मग हातातला बांगडा तसाच ठेवून हसायला लागली.

"जोडीनं? अवो, जोतिबाला नेलंत तेव्हा आंबा घाटात वळणावळणाला ओकत होते मी. तुमचा देव कुठं, मी कुठं! नवस बोलायच्या आधी बायकोला इचारतात तरी."

"तू बेसुध होतीस गो."

"मग शुद्धीत येईपर्यंत थांबायचंत. त्याला सांगा, ओटी पोस्टानं पाठवते."

दोघंही हसली. तेव्हा हसता येत होतं.

दोन पावसाळे बरे गेले. मग गुणवंतीच्या पायांना सूज यायला लागली. तोंड सुजलं. दम लागायला लागला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तापाने मूत्रपिंडं तेव्हाच दुखावली होती, त्यात साखर. आता मशीनशिवाय चालणार नाही, आठवड्यातून ठरल्या वारी यायचं, एकही वार चुकवायचा नाही. आणि पाणी मोजून प्यायचं.

पाणी मोजून. ह्या एका शब्दाने घराचं सगळं वागणं बदललं. सकाळी गुणाजी एका लहान तांब्यात तिचं दिवसाचं पाणी काढून ठेवतो. चहा त्यातलाच, गोळ्याही त्यातल्याच पाण्याने. दुपारपर्यंत तांब्या तळाला जातो. ती तोंडात लवंग धरते, ओला फडका ओठांवर ठेवते. बाहेर नळ ठिबकला तरी ती त्या आवाजाकडे बघत राहते. म्हणून गुणाजीने नळाला चिंधी बांधली. तो स्वतः तिच्यासमोर पाणी पीत नाही. मागीलदारी, माडाच्या आळ्याजवळ उभा राहून चोरासारखा पितो. तिला ते माहीत आहे. एकदा ती आतूनच ओरडली, "घटाघटा पिऊ नका, आवाज येतोय!" आणि मग स्वतःच म्हणाली, "प्या प्या. एकाने तरी प्या."

गुणाजीच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घर करून बसली. ज्याच्याकडे तिचं पाणी मागितलं, त्यानेच ते परत आवळलं. नवस फेडला नाही म्हणून.

ऋतिका चिडायची. ती आता रत्नागिरीत एका औषधाच्या दुकानात कामाला लागली होती आणि मशीनच्या दिवशी आईसोबत बसायची. "बाबा, लेप्टोने किडनी गेली. नवसाने नाय. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलंन ना?"

"दाखवलान. कळलां मला."

"मग?"

"कळलां म्हणून काय झालां? बोललोय मी, तां कुठं जातां?"

 

मग तो गावदेवीच्या देवळात गेला. धाकू गुरव तिथला पुजारी. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला देवीला कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुणाजीने विचारलं, तिकडचा नवस मी हिथं, तुझ्या पायाशी फेडला तर चालेल काय? बराच वेळ दोन्ही पाकळ्या हलल्या नाहीत. मग डावी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"बघ," धाकू म्हणाला. "तिची शीव खाडीपर्यंत. दुसऱ्याच्या शिवेतला शब्द ती कसा सोडवील? पोरीचां लग्न ठरवलांस रत्नागिरीत नि वरात नेलीस चिपळूणला, असां होईल काय?"

"मग काय करू रे धाकू?"

धाकू कनवाळू माणूस. त्याने बसून विचार केला. आणि त्याला एक वाट सापडली. "थांब. तू गाऱ्हाणां घातलंस तेव्हा होय महाराजा कोण बोललां? कोणीच नसेल तर तां पुरां नाय झालां. नवस लागूच नाय."

गुणाजीचा चेहरा उजळला तो क्षणभरच. मग तो आठवायला लागला. आणि तो माणूस असा, की आठवलेलं सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. "म्हातारी बोलत होती काहीतरी. माझां प्रत्येक वाक्य संपलां की मान हलवून म्हणायची, 'आरी.' ओटीचां बोललो तेव्हा पण म्हणालीन."

"आरी म्हणजे काय?"

घरी आल्यावर ऋतिकाने फोनवर शोधलं. त्या डोंगरातल्या लोकांच्या बोलीत आरी म्हणजे होय.

त्या दिवशी गुणाजी जेवला नाही. गुणवंती म्हणाली, "तुम्हाला खोटां बोलायला काय झालां होतां? गुरव सोडवत होता ना?" आणि पुढे, थोड्या वेळाने, "नाय बोललात तां बरां झालां."

जाता येईल काय, हेही त्याने विचारून बघितलं. डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास ह्या बाईला झेपणार नाही, विसरा. मग त्याने एकट्याने जायचं काढलं. तर तिला आठवड्याआठवड्याला एसटीतून रत्नागिरीला नेणार कोण? परत येताना तिला उभं राहवत नाही, पावस गावापर्यंत ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून असते. ऋतिका नोकरी सोडणार तर औषधं यायची कुठून? आणि बोली जोडीची. एकट्याचं जाणं त्या देवाने मोजलं असतं की नाही कोण जाणे. पूर्वी बोट अडकली होती म्हणून त्याला येता येत नव्हतं. आता तो घरी अडकला होता आणि जाता येत नव्हतं. सेगुंदोचा नंबर होता. त्या नंबरावर ऋतिकाने कितीदा निरोप टाकला. प्रत्येक निरोपापुढे एकच टिक. दुसरी कधी आलीच नाही. आणि त्या गावाचं नाव गुणाजीने कधी नीट विचारूनच घेतलं नव्हतं. त्या दिवशी त्याला ते लागणार आहे असं वाटलंच नव्हतं.

शेवटी अस्लम पुढे झाला. त्याचा मुलगा फैझान आता मोठ्या कंटेनर बोटीवर आहे. एका संध्याकाळी अस्लम गुणाजीच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "फैझानची बोट ह्या वेळी ग्वायाकिलला लागणारेय. तो जाईल वर. नारळ दे त्याच्याकडे."

"आणि ओटी?"

"मेल्या, खणानारळाची ओटी माझा पोरगा भरणार? मौलवीसाहेबांना मी काय तोंड दाखवू? नारळ नेईल तो. नारळ काय, झाडाचां फळ. तां सगळ्यांचां."

नारळ गुणाजीच्या माडाचा होता. गुणवंतीने स्वतः निवडला, कानाशी हलवून पाण्याचा आवाज ऐकला, हळदकुंकू लावलं. अस्लमची बायको शमीम म्हणाली, ह्याला मी कपड्यांत गुंडाळून देते, वर आयत वाचून फुंकर घालते, कोणी अडवणार नाही. फैझान नारळ न्यायला आला तेव्हा हसत होता.

"चाची, कस्टमवाल्याने विचारलंन, हां काय हाय, तर काय सांगू?"

"सांग, म्हातारीचां डोकां हाय. हवा खायला नेतंय."

मग वाट बघणं सुरू झालं. गुणाजीचा चेहरा त्या दिवसांत पुष्कळ निवळला होता. मशीनच्या खोलीबाहेर बसून तो शेजारच्या माणसांना त्या धबधब्याबद्दल सांगायचा: पाण्याचा धूर कसा वर चढतो, मक्याचे दाणे कसे ठेवतात. बाकावरची माणसं ऐकत. आजाऱ्यांची माणसं सगळं ऐकतात.

फैझानचा व्हिडिओ फोन आला तो संध्याकाळी. तिथे पहाट होती. आम्ही सगळे गुणाजीच्या ओट्यावर होतो. ऋतिकाने फोन हातात धरला. फैझानच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे क्रेनचे दांडे, आणि त्याचा चेहरा पडलेला.

"चाचा, उतरू देत नाय. डबे चढवले नि उतरवले की लगेच सुटायचां. पहिल्यासारखां नाय राहिलां आता, चार चार दिवस बोट उभी नसते. मी कप्तानाला हात जोडले. गेटाच्या बाहेरसुद्धा सोडत नाय."



"डोंगर दिसतात काय रे?" गुणवंतीने आतून, खाटेवरून विचारलं. ती उठून चौकटीला धरून बाहेर आली.

फैझानने फोन फिरवला. पाणी दिसलं, मातकट, रुंद. काठाला खारफुटी. त्याच्या मागे ढग. "डोंगर त्याच्या पाठी असतील चाची. हितनं दिसतच नाय."

"हे पाणी त्या धबधब्याचां हाय काय?" गुणाजीने विचारलं.

"मला काय ठाऊक चाचा?"

अस्लम पुढे वाकला. "अरे फैझान, टाक नारळ पाण्यात. काय रे गुणाजी?"

गुणाजीने मान हलवली, ती होय म्हणून की नाही म्हणून ते कोणाला कळलं नाही. बंदर म्हणजे ती शीव नव्हती. नारळ परत आणला तर तोही शब्द मोडला. त्याच्या जिभेवर आयुष्यभराचं गाऱ्हाणं होतं, आणि त्यात ह्या जागेसाठी एकही वाक्य नव्हतं. 

मग गुणवंतीने ऋतिकाच्या हातातून फोन घेतला. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने घातलं.

"बा महाराजा, ह्या माणसाने तुला काय शब्द दिलान तो मला ठाऊक नव्हता. मी बेसुध होते. आम्हा जोडीला येणां होत नाय. हा मला सोडून येत नाय नि मला घेऊनही येता येत नाय. नारळ पाठवलाय, आमच्या माडाचा हाय. तुझ्यापर्यंत पोचला तर घे. नाय पोचला तर त्याच्यावर राग धरू नको. धरायचा तर माझ्यावर धर."

 गाऱ्हाण्याला होकार लागतो. 

"होय महाराजा," अस्लम म्हणाला.

फैझानने नारळ बादलीत ठेवून दोरीने खाली सोडला. बादली पाण्याला टेकली, कलंडली, आणि नारळ मोकळा झाला. थोडा वेळ तो बोटीच्या काळ्या अंगाला चिकटून हलत राहिला. मग सुटला. गुणाजीने फोन जवळ ओढला आणि डोळे बारीक केले. खाडीवर वाढलेला माणूस तो, पाणी कुठल्या अंगाला चाललंय हे त्याला फोनच्या काचेतूनही कळतं.

"भरती हाय तिथं," तो म्हणाला.

"चाचा!" फैझान ओरडला. "वर चाललाय! समुद्राकडे नाय, आत चाललाय, वर!"

खरंच चालला होता. तपकिरी पाण्यावर लहानसा ठिपका, खारफुटीच्या कडेने, ढगांच्या दिशेने. तेवढ्यात फैझानच्या मागून कोणीतरी रागाने हाक मारली, चित्र हललं आणि फोन बंद झाला.

 पुढचं सांगायची गरज नव्हती. आम्ही सगळी खाडीची माणसं. भरती किती वर नेते आणि कुठे आणून सोडते हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अस्लमने टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि उठून नमाजाला गेला.

गुणवंती पायरीवर टेकली. तिचा तांब्या दुपारीच रिकामा झाला होता. गुणाजीने फडका ओला करून आणला, तिने तो ओठांना लावून धरला. खाली आमच्या खाडीत तेव्हा ओहोटी लागली होती. दोर ढिले पडत होते आणि होड्या एकेक करून तोंड फिरवत होत्या.

"किती वर जाईल हो?" तिने विचारलं.

गुणाजी तिच्या शेजारी बसला.

"पाणी चढतां तोवर," तो म्हणाला.